एसी बंद करू का विचारलं म्हणून माफी

मंडळी, आज लई कडू वाटतंय.

मी येळ्ळूरची. बेळगावात एका हॉटेलात खोल्या साफ करते. 'बाहेर जाताना एसी बंद करा' अशी पाटी मॅनेजरनीच प्रत्येक खोलीत लावलीय.

दुपारी एक पाहुणे एसी तसाच ठेवून जेवायला निघाले. खिडकीही उघडी. मी विचारलं, "सर, एसी बंद करू का? तेवढीच वीज वाचंल."

"तू मला शिकवणार?" ते सगळ्यांसमोर ओरडले.

मॅनेजर धावत आले. वाटलं, माझी बाजू घेतील. म्हणाले, "आक्का, आधी सरांची माफी मागा."

मागितली. नोकरी टिकवायची हाय न्हवं.

नंतर तासभर मी बाहेर जिना पुसत होते आणि रिकाम्या खोलीत एसी घरघरत होता.

तुम्हाला असं कुणी विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?