मावशीचा हॅलो

माझी मावशी उभी हयात एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी, हातात वायरी आणि तोंडात दिवसभर एकच शब्द, हॅलो. तिचा हॅलो ऐकला की तावातावाने फोन करणारा माणूससुद्धा निम्मा थंड व्हायचा म्हणे. घरी आली की मात्र तोंडाला कुलूप. काका चिडवायचे, आमच्या वाट्याला नुसत्या मानेच्या खुणा.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे शब्दांच्या नसत्या उठाठेवी करायची खोड आहे मला. एकदा या हॅलोचं मूळ शाळेतल्या जाडजूड कोशात शोधलं. नदीपलीकडच्या नावाड्याला बोलवायला जुने जर्मन लोक अशीच काहीतरी हाक मारायचे, त्यातून तो आला असावा. मग तो शिकारी कुत्र्यांना चेव आणायला वापरला गेला, मग लक्ष वेधायला, मग नवल वाटल्यावर. फोन निघाला तेव्हा तो शोधणाऱ्याला खलाशांची 'अहॉय' ही आरोळी हवी होती, पण लोकांनी हॅलोच उचलला. बोर्डावरच्या पोरींना तिकडे 'हॅलो गर्ल्स' म्हणायला लागले. हे सगळं मी मोठ्या हौसेने मावशीला सांगायला गेले. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नावाडी निदान ओ तरी देत असेल."

तिचा रोख पिंट्याकडे होता, हे कळायला कोश लागत नाही.

पिंट्या तिचा एकुलता एक मुलगा. बोर्डावरचा शिरस्ता असा, की आपल्या घरचा फोन सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्या दिवशी कारखान्यात बॉयलर फुटला होता. फळीवरचे सगळे दिवे एकदम पेटलेले, अँब्युलन्सला फोन, आगीच्या बंबाला फोन. त्यातच पिंट्याचा फोन आला. तो "हॅलो, आई" एवढंच म्हणाला आणि ही त्याच ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "होल्ड करा." तिकडे काका छातीत कळ येऊन जमिनीवर पडले होते. पोरगं रिसीव्हर धरून उभं राहिलं. तिने पुन्हा लाईन घेतली तेव्हा काका गेलेले होते.

पिंट्याने ते मनातून काढलं नाही. नोकरी लागल्यावर दुसऱ्या गावी गेला तो गेलाच, आईचा फोन उचलायचाच बंद केला. मावशीनेही कधी स्वतःची बाजू मांडली नाही. खरं सांगू, मला दोघांचाही राग यायचा. एकाने आयुष्यभर फुगून बसायचं आणि दुसरीने मूग गिळून, याला काय अर्थ आहे?

गेल्या वर्षी तिचा आवाज बसला, तो सुटेचना. तपासण्या झाल्या. गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "एकदा पिंट्याशी बोलून घेते. मग काय कापायचंय ते कापा."

रोज फोन लावायची. वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी मी माझ्या नंबरवरून लावला, तर शहाण्याने पहिल्या झटक्यात उचलला. मी त्याची चांगली खरडपट्टी काढली. सोमवारी ऑपरेशन आहे, त्याआधी बोल तिच्याशी, नाहीतर जन्मभर हात चोळत बसशील, म्हटलं. बघतो, म्हणाला. पण मधेच दवाखान्यात जागा रिकामी झाली आणि मावशीला शुक्रवारीच ऑपरेशनला आत घेतलं. त्याला लगेच फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला, तो त्याने उघडलाही नाही.

रविवारी दुपारी तिचा मोबाईल वाजला. माझ्या आधी तिने उचलला. वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आवाज आला, "हॅलो... आई?"

मावशीचं तोंड उघडलं. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली.

"हॅलो? चिडलीयेस ना? चीड. शिव्या घाल मला, पण बोल."

मी फोन घ्यायला गेले तर ती सोडेना. दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. तो हॅलो, हॅलो करत होता आणि तिचे ओठ हलत होते. शेवटी मी तिची बोटं सोडवली, फोन घेऊन बाहेर गेले आणि त्याला सांगितलं की ऑपरेशन होऊन गेलं, आता तिला आवाज नाही.

त्याने ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, तिचा आवाज कुठे टेप केलेला आहे का गं?"

एवढ्या माणसांनी एवढी वर्षं ऐकलेला आवाज, पण टेप करून ठेवायचं कुणाला सुचणार? मी नाही म्हटलं. त्याने फोन ठेवून दिला. परत लावला तर बंद.

आत आले तेव्हा मावशी उशीला टेकून बसली होती. काय म्हणाला, असं तिने हाताने विचारलं.

"येतोय म्हणाला," मी म्हटलं.

तिने खणातला कंगवा मागितला आणि केस विंचरायला घेतले.