मॅडमच्या शोमध्ये मला न विचारता

मी कुणाच्या पोराला तेल लावायच्या आधी त्याच्या आईला विचारते, लावू का म्हणून, रोज विचारते, आणि ह्या बाईनं मला एकदा विचारलंनसुद्धा नाही!

जर्मनीची मॅडम. तिकडं टीव्हीवर गाण्यांचा शो करायची. आता दुबईत राहते, उशिरा मूल झालं, तीन महिन्यांचं. त्याला मालीश करायला मी शारजाहून जायची, दोन बस बदलून, माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन. नवरा दुबईतल्या अल क्वोजला गॅरेजात आहे, मी त्याच्या व्हिसावर, मला काम करायची परवानगी नाही. सापडलीस तर दंड घेऊन घरी पाठवतील, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलंन. म्हणून मी लिफ्टमध्येपण मान खाली घालून उभी राहायची.

मॅडम गोड बोलायची, खोटं कशाला सांगू. मी बाळाचे पाय चोळायची आणि ती फोनवर जुने शो दाखवायची. आधी गावच्या रेडिओवर होती, मग एकोणिसाव्या वर्षी टीव्हीवर, मग बारा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी अख्खा देश हिला बघायचा. चकचकीत कपडे, हातात माइक, गाणारे हिच्याशी बोलायला घाबरायचे म्हणे. मग तिनं एक युक्ती काढलीन. गाणारा तयार व्हायच्या आधीच कॅमेरा चालू करायचा, त्याला कळू द्यायचं नाही, खरं हसू तेव्हाच मिळतं. हे ती अभिमानानं सांगायची आणि मीपण हसायची, मूर्ख मी! पुढं वय झालं तसं चॅनेलवाल्यांनी एका दुपारी सांगितलं, खलास, पुढच्या शनिवारी दुसरी पोरगी. तिचे जुने व्हिडिओ मात्र अजून दाखवतात, तिला न विचारता. हे सांगताना रडायची. मला वाईट वाटायचं हो.

तिनं मोबाइलवर नवीन शो काढलान, आया बाळांना काय गाणी म्हणतात त्याचा, हे मला कुठं माहीत? एका सकाळी तिनं ओल्या टिश्यूनं माझ्या मुलीच्या गालावरची काजळाची तीट पुसलीन. "डर्टी स्पॉट," म्हणाली. मला वाटलं माया करतेय. मग मी तेल लावायला बसले, आईची पाळण्याची गाणी गुणगुणले.

चार दिवसांनी नवरा कामावरून आला तो पांढराफटक.

"काय गो, गाणी म्हणतेस? गॅरेजातला मल्याळी मला दाखवतोय, भाभी फेमस हो गई!"

त्यानं मोबाइल पुढं केलान. मॅडमचा नवीन शो, त्यात माझं तोंड, तेलाची वाटी, तीट नसलेली माझी पोर. लाखावर लोकांनी बघितलेलं.

"मला माहीत नव्हतं हो."

"पोलिसांना सांग हेच. ते चहा पाजतील तुला!"

दुसऱ्या दिवशी गेले. दारातच म्हटलं, "मॅडम, डिलीट."

ती हसली. "यू आर अ स्टार!"

"नो स्टार. नो वर्क व्हिसा. पोलीस!"

तर म्हणते कशी, व्हिसा-बिसा बघायला कुणी असले शो बघत नाही, रविवारपर्यंत थांब, इतके लोक मला किती वर्षांनी मिळालेत, तुझ्या मुलीला गिफ्ट देते. गिफ्ट! मग माझं डोकं फिरलं. थोडं इंग्लिश, थोडं हिंदी, बाकी सगळी मराठी, तिला किती कळलं देव जाणे.

"तुमचे व्हिडिओ न विचारता दाखवले तर रडता ना? मग माझा?"

"टीव्हीत असंच चालतं," ती म्हणाली. "मलापण कुणी विचारलं नव्हतं."

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं!"

तिचं बाळ मालीशसाठी पाय झाडत रडत होतं. त्याचा काय दोष? माझे हात शिवशिवत होते, तरी लावले नाहीत. "आधी डिलीट. माझ्यासमोर."

तिनं अंगठा दाबलान. गेला व्हिडिओ. मग सोफ्यावर बसून रडायला लागली, आता मला कोण बघणार म्हणून. आणि मीच तिला पाणी आणून दिलं, बोला! मग पोरीला उचललं आणि निघाले, परत गेले नाही.

पण कुणी तो व्हिडिओ आधीच उतरवून घेतला असेल तर? बेल वाजली की मी अजून पोरीच्या तोंडावर हात ठेवते, श्वास रोखते, पावलं लांब जाईपर्यंत. आणि ती बाई सॉरीसुद्धा म्हणाली नाही.