उत्तरेचा प्रवाह

बडोद्याला आले तेव्हा मला गुजराती वाचता येत नव्हतं. पण अक्षरं बरीचशी आपल्यासारखीच, फक्त डोक्यावरची रेघ पुसलेली. फतेगंजमधल्या ज्या घरी मी स्वयंपाक करते तिथे टेबलावर गुजराती पेपर पडलेला असतो. येताजाता अक्षरं जुळवून मथळे लावायची मला सवय लागली. एका सकाळी लावला तो असा : ‘दरियामां करंट’.

करंट म्हणजे वीज, एवढंच मला ठाऊक. आणि माझा दादा तिकडे मालवणकडे होडीवर. पिठाच्या हातानेच फोन लावला.

“दादा, पाण्यात उतरा नको. करंट इलोहा!”

दादा हसत सुटला. “मगे मासे शिजानच येतले गो! तुजा काम कमी झाला.”

मी फोन ठेवून मागे वळले, तर घरातली मुलगी दारात उभी. ही विद्यापीठात पीएच.डी. करते. मी तिला बाय म्हणते, आमच्याकडे मुलीला मायेने म्हणतात तसं, आणि ती मला ताई. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या बडोद्याचं, मराठी, पण वाक्याच्या शेवटी गुजराती ‘ने’ लागतोच.

“ताई, पेपरवाले दरिया तोफानी झाला की करंट लिहितात,” ती म्हणाली. “खरा करंट वेगळा. मी त्याच्यावरच तर काम करते. बसा ने, दाखवते.”

मी आठवीत शाळा सोडलेली. कुणी लॅपटॉपसमोर बसा म्हटलं की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. पदर सारखा करून खुर्चीच्या कडेला टेकले. पडद्यावर आपलाच समुद्र होता, मुंबई-गोव्याचा, पण लाल-निळ्या डागांचा.

“लाल म्हणजे पाणी उंच, निळं म्हणजे खोल बसलेलं.”

“पाण्याला कसली उंची? पाणी तर सपाट असतं.”

“नसतं ना! वरून उपग्रह लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत जाते. किती वेळात परत आली त्यावरून कळतं पाणी किती लांब आहे. कुठे वीतभर वर, कुठे वीतभर खाली.”

“मग उंचावरचं पाणी खाली उतरत असेल.”

“तिथेच तर मजा! पृथ्वी फिरते म्हणून ते सरळ उतरत नाही, वळतं. उंचवटा उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती फिरत राहतं.”

“म्हणजे प्रदक्षिणा घालतं,” मी म्हटलं. देवळात आपण देव उजवीकडे ठेवूनच फिरतो.

बायने टेबलावर हात आपटला. “मम्मी! ऐक ने, ताई काय म्हणाल्या! प्रदक्षिणा!”

“आणि खोलगट असेल तिथे?” मी विचारलं.

“तिथे उलटी.”

“अगो बाय, पाप लागतला त्या पाण्याक.”

त्या दिवसापासून स्वयंपाक उरकला की मी तिच्या खोलीत डोकवायचे. घरी, नंदेसरीच्या कारखान्यातून दमून आलेल्या नवऱ्याला सांगायचे, आज समुद्र असा फिरला, तसा फिरला. तो म्हणायचा, “भाकरी गोल फिरव आधी.”

बायची अडचण किनाऱ्याजवळ होती. भर समुद्रात उपग्रहाला चांगलं दिसतं, पण काठाशी जमिनीचा गोंधळ मिसळतो आणि पडद्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारे तिथले बाण खरे की खोटे ते कळत नाही. म्हणून तिने एक तरंगता गोळा बनवून घेतला. नारिंगी रंगाचा, पोटात आपली जागा नोंदवत राहणारं यंत्र, आणि खाली पाण्यात लांब कापडी नळी, म्हणजे तो वाऱ्याने भरकटू नये, पाण्याबरोबरच जावा. हिवाळ्यात तो गोव्याजवळ सोडायचा होता.

“ताई, याच्यावर मराठीत सूचना लिहा ने. माझी शाळा गुजराती, मला जोडाक्षरं जमत नाहीत.”

मी! आधी कागदावर चार वेळा लिहून बघितलं. ‘क्रुपया’ की ‘कृपया’, तेही बायच्या आईला विचारून घेतलं. मग न पुसणाऱ्या पेनाने गोळ्यावर लिहिलं : ‘हे यंत्र आहे. कृपया फोडू नये. सापडल्यास कळवावे.’ खाली नंबर. इतकं सुंदर अक्षर मी शाळेतही काढलं नव्हतं.

गोळा सुटला. रोज एकदा, तो कुठे पोचला एवढीच त्याची खबर यायची, आणि एक दिवस ती बंद झाली. शेवटची खबर नेमकी आमच्या गावासमोरची. बाय पडद्यासमोर नुसती बसून राहिली. गोळ्यातल्या कार्डावर मात्र वळणावळणाचा सगळा प्रवास होता. ते कार्ड हाती आलं नाही तर तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण कोरं राहणार, आणि तिच्या सरांनी सांगितलेलं, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा.

“माझा दादा शोधेल,” मी बोलून गेले.

तिने मला मिठीच मारली. समुद्रात एवढासा गोळा, आणि मी कोण शब्द देणारी?

“प्रवाह मजबूत आहे ताई, उत्तरेचा,” बायने नकाशा बघून सांगितलं. मी दादाला तसंच कळवलं : प्रवाह उत्तरेचा आसा. दादा म्हणाला, “बरा.”

दादा आणि त्याचे सोबती होडी घेऊन फिरले. काही नाही. परत गेले, काही नाही. इकडे मी डाळीत गूळ घालायला विसरले. बायची आई पहिला घास घेऊन म्हणाली, “आज डाळ मालवणची झाली वाटतं.” बाय जेवलीच नाही. मला ते ताट उचलवेना.

संध्याकाळी दादाचा फोन आला, वैतागलेला. “अगो, पार वेंगुर्ल्यापर्यंत बघून इलंव. खयच नाय.”

“वेंगुर्ल्याक? ता तर दक्षिणेक! मी उत्तरेचो सांगलंय मा?”

“मगे? उत्तरेचो वारो खयसून येता? उत्तरेसून. आणि जाता खय? दक्षिणेक! म्हणान खाली गेलंव.”

मी फोन स्पीकरवर टाकून बायसमोर धरला आणि दादाला तेच पुन्हा बोलायला लावलं. तिने कपाळाला हात लावला, आणि किती दिवसांनी हसली. “अरे देवा! दादा, वारा कुठून आला त्याच्यावरून त्याचं नाव. प्रवाह कुठे चालला त्याच्यावरून! उत्तरेचा प्रवाह म्हणजे उत्तरेकडे जाणारा. सॉरी, मी नीट सांगायला हवं होतं.”

मग दादा म्हणाला, “असा काय ता? म्हणजे वाऱ्याक विचारूचा, बाबा खयसून इलस, आणि पाण्याक विचारूचा, बाय खय चललस?”

“बरोब्बर!” बाय ओरडली.

“मगे देवगडाकडे कळवतंय. थंयसर रापणवाले माझ्या वळखीचे आसत.”

दुसऱ्या दिवशी मी रोटल्या शेकत होते आणि फोनवर व्हिडिओ आला. मी ओरडले तशी बाय ओल्या केसांनी धावत आली. वाळूवर ओढलेलं रापणीचं लांब जाळं, तडफडणारे बांगडे, आणि त्यांच्यात नारिंगी गोळा! एक माणूस त्यावरचं वाचत होता, शाळेतल्यासारखं मोठ्याने : “हे यंत्र आहे. कृपया फोडू नये.” मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “नाय फोडूक हां!”

तव्यावरची रोटली जळून कोळसा झाली. बायची आई धूर बघून आत आली आणि आमच्या दोघींच्या उड्या बघून तीही हसायला लागली.

दादाने गोळा पार्सलने पाठवला नाही. स्वतःच आणला, गाडीत मांडीवर घेऊन, जुन्या लुंगीत गुंडाळून. मी इतकी वर्षं इथे आहे, माहेरचं माणूस बडोद्याला पहिल्यांदाच आलं. स्टेशनवर त्याच्या अंगाला सुक्या बांगड्यांचा वास येत होता, आणि मला तिथेच रडू फुटलं. “रडतस कित्याक? गोळो ओलो होयत,” तो म्हणाला.

बायच्या खोलीत आम्ही सगळे पडद्यासमोर. ती कार्ड पुसत होती; मी मनातल्या मनात देवाला हाका मारत होते. कार्ड उघडलं. उपग्रहाच्या बाणांवर गोळ्याच्या वाटेची काळी रेघ उमटत गेली, गोव्यापासून वर, बाणांबरोबर, अगदी शहाण्या पोरासारखी.

“ही आमची खाडी!” दादा पुढे झुकला.

खाडी ओलांडल्यावर रेघेने बाण सोडले. काठाशी ती डावीकडे वळली, वळत वळत स्वतःलाच येऊन मिळाली आणि मग पुन्हा उत्तरेला निघाली. चुकलं की काय?

“उलटी प्रदक्षिणा,” मी हळूच म्हटलं.

“उपग्रहाला ही दिसलीच नव्हती!” बाय खुर्चीवरून उठली. “ताई, हेच! हेच तर मला हवं होतं!”

तिने लगेच सरांना फोन लावला आणि गुजराती, मराठी, इंग्रजी सगळं एकदम बोलायला लागली. दादाला त्यातलं काही कळत नव्हतं. तो त्या लहानशा वळशावर बोट ठेवून बसला होता.

“हय पाणी फिरता ता आमका म्हायत नव्हता,” तो म्हणाला. “दाखव गो माका परत. पयल्यापासून.”

बाय फोनवर होती. मग मीच खुर्ची पुढे ओढली. “बघ,” मी सुरू केलं, “लाल म्हणजे पाणी उंच.”