मुलाजिम की मुलजिम

परवा धाकट्या लेकाच्या शाळेच्या अर्जात ‘वडिलांची नोकरी’ या रकान्यात मी चक्क माझ्याच वडिलांची नोकरी लिहिली: रेल्वेत गँगमन.

निजामाच्या राज्यात रेल्वेच्या शाळेत रेल्वेवाल्यांचीच लेकरं घ्यायचे. नाही घेतलं तर मला गुरांमागंच जावं लागणार होतं. दादा, म्हणजे माझे वडील, चुडाव्याहून मला त्या शाळेत घेऊन गेले, अंगाला डांबराचा वास, काखेत लाल झेंडी. मास्तरांनी मलाच विचारलं, “वालिद मुलाजिम हैं?” वालिद म्हणजे वडील, मुलाजिम म्हणजे नोकर. मला ऐकू आलं मुलजिम, म्हणजे आरोपी.

“न्हाई जी! दादांनी काईच चोरलं न्हाई!”

मास्तरांनी ‘न्हाई’ ऐकलं अन् लिहिलेलं माझं नाव खोडलं. गोंधळलेल्या दादांनी झेंडीच पुढं केली, तेव्हा कुठं ते परत लिहिलं. सगळे का हसायलेत, मला कळेना.

हे ऐकून बायको म्हणाली, “तवा मामंजींची नोकरी घालवलीत, आता परत लावून दिलीत. पण लेकराच्या बापाचं काय?”