पांढऱ्या केसांचा फोटो

तुळजापुरात फोटोच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा फ्रेम करायला येणारे फोटो ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसांचे असायचे. पेन्शनवाली घरं, जरा दुखलं की सोलापूर गाठणारी. पुढं येरमाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं आणि चेहरेच बदलले. ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांवरची गेलेली माणसं सगळी काळ्या केसांची. पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. दीड तासाच्या रस्त्यात माणसाचं आयुष्य एवढं कसं आटतं, मला कळंना.

एका वस्तीवरला गडी गेलेल्या बापाचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "केस पांढरे करा, सुरकुत्या टाका. घरात एक तरी म्हातारं माणूस दिसू द्या." दिला करून. महिन्याभरात त्याच वस्तीवरनं आणखी चौघं आले, तेच मागत. अख्ख्या वस्तीवर म्हातारे पाचच, आणि पाचही माझ्या हातचे!

दसऱ्यानंतर तो पहिला गडी पुन्हा आला. "दादा, आता माझा बी करून ठेवा." चाळिशीचाच होता. छातीत कळ यायची. जवळच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातनं एकदा, तेही आले तर. त्यांनी सोलापूरला तपासायला सांगितलेलं. पण ऊसतोडीची टोळी दोन दिवसांत निघणार, आणि नवरा-बायकोच्या जोडीतला एक मागं राहिला की बायकोलाही काम न्हाय. "हंगाम उरकला की जातो," म्हणाला.

कॉम्प्युटरवर त्याचे केस पिकवत गेलो. बाजूला उभा राहून तो बघत होता. "व्हय, असंच." स्वतःला म्हातारा बघून गडी खूश! माझं डोकंच फिरलं.

"न्हाय देत, जा! आधी सोलापूरला जाऊन ये. येड्या, हे केस आपोआप पिकू दे की!"

"रागावू नका दादा. राहू द्या तुमच्यापाशी." हसत गेला. मी नुसता ओरडलो, हाताला धरून नेलं न्हाय. ते अजून मनाला खातं.

होळीनंतर त्याची बायको आली. कपाळ मोकळं. उसाच्या फडातच कोसळला म्हणाली. फ्रेमच्या फोटोसाठी त्याचं आधार कार्ड आणलं होतं. मी कॉम्प्युटरवर ठेवलेला तो पांढऱ्या केसांचा फोटो उघडून दाखवला.

ती किती तरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हातारपणी असे दिसले असते व्हय?"

"व्हय."

तिनं त्या फोटोपुढं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला, वडीलधाऱ्या माणसासमोर बायका घेतात तसा.