खाप्याकडचं स्थळ

चूक माझीच. पण मला सांगा, भूगर्भशास्त्राच्या मास्तरानं 'जागा' म्हणावं की 'स्थळ'? वर्गात 'अभ्यासाचं स्थळ, अभ्यासाचं स्थळ' करून करून जिभेला सवयच लागली. घरी येऊन आईला म्हणालो, "खाप्याच्या पुढं, डोंगराजवळ एक भारी स्थळ हाये. उद्या पाहाले चालतं का?" चाळिशी ओलांडलेला बिनलग्नाचा मुलगा स्वतःच्या तोंडानं असं बोलल्यावर कोणती आई नाही म्हणेल?

सकाळी ती जरीकाठाच्या कोऱ्या साडीची घडी मोडून, संत्रा बर्फीचा डबा घेऊन तयार. मला वाटलं, वा, माझ्या विषयाची काय कदर! मी मात्र चिखलाचे बूट अन् फाटक्या खिशाची पँट.

"असाच येतं काहून रे?"

"तिथं मले कोण पाहून राहिलं?"

तिनं कपाळावर हात मारला. गाडी आमच्या नंदनवन वस्तीबाहेर पडली. मग तिनं न राहवून विचारलं, "कसे हायेत?"

"जुने. एकदम पक्के."

"अन् वळण?"

"वळणासाठीच तर चाललो! असं वळण साऱ्या जिल्ह्यात नाही."

ती खूश. मी तिच्याहून खूश.

सातपुडा मैदानातून वर उठतो, तिथं रस्त्यासाठी एक टेकडी कापली आहे. पांढऱ्या संगमरवराचे अन् काळपट अभ्रकाचे थर, धिरड्यासारखे दुमडलेले. मी गाडीतून उडीच मारली. "पाह्य आई! आधी हे आडवे होते. दाबानं असे वळले. शंभर कोटी वर्षांहून जुने!"

तिनं पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं. "बरं. अन् पोरगी कुठं हाये?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अन् मी गधा, खो खो हसत सुटलो. ती हसली नाही. डबा मांडीवर घेऊन दगडावर बसली.

"मी हाये तोवर 'जेवला का' म्हणून विचारतो तुले. मंग कोण विचारन? हा दगड?"

मला गलबलून आलं. कोणत्याही थराचं वय विचारा, मी तोंडपाठ सांगतो. आईचं वय मात्र कधी मोजलंच नव्हतं. तिच्याजवळ बसलो अन् म्हणालो, "मावशीले सांग, स्थळ पाह्य म्हणा. माणसाचं."

तिनं लगेच फोन काढला. रेंज नव्हती. जरीची साडी खोचून ती थेट ती टेकडी चढायला लागली. मी मागून ओरडतोय, "आई, पाय घसरन वं!" ती ऐकते कुठली! माझं मन फिरायच्या आत तिला बहिणीशी बोलायचं होतं.