चुडामणआबांची विहीर आणि पंधरावं कलम

लीलाधर वकिलांइतका भित्रा माणूस जामनेर तालुक्यात दुसरा नसेल. कोर्टात उभे राहिले की हातातले कागद थरथरतात आणि घरी पाल चुकचुकली तरी दचकतात. आम्ही एका गावचे, एका शाळेतले, म्हणून त्यांची चेष्टा करायचा मला हक्क आहे. दुसऱ्या कुणी केली की मात्र माझं डोकं फिरतं. त्याला कारण चौपन्न सालचा हिवाळा.

तेव्हा लीलाधर पुण्यात कायदा शिकत होता. कॉलेजानं राज्यघटनेच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती काढली होती. निवडलेल्या प्रत्येक मुलानं घटनेचं एक कलम घ्यायचं, सुटीत आपल्या गावी ते कुठे लागू होतं ते शोधायचं आणि त्याच जागी परीक्षकासमोर आपला अर्थ मांडायचा. लीलाधरनं पंधरावं कलम घेतलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरीवर जातीमुळे कुणाला अडवता येणार नाही, असं ते सांगतं. पुण्यात बसून ते सोपं वाटलं असणार.

गावी आल्यावर त्याची झोप उडाली. गावात सरकारी विहीर नव्हतीच. होती ती त्याच्या बापाची, चुडामणआबांची, केळीच्या बागेच्या तोंडाशी. अख्खं गाव तिचं पाणी प्यायचं. महारवाड्यातल्या बायका मात्र लांब उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. विहीर खासगी, म्हणजे कलमाबाहेर. पण आपल्याकडे विहीर बांधली की मालक तिचा उत्सर्ग करतो. होम करून, हातावरून पाणी सोडून, सगळ्या जीवांनी हे पाणी प्यावं असा संकल्प करतो. त्याशिवाय विहिरीचं पुण्य पदरात पडत नाही. लीलाधरच्या आजोबांनी तो केला होता. मग ही अर्पण केलेली विहीर नाही तर काय?

"पंडित, मी कलम बदलून घेतो," तो मला म्हणाला. "आबा मला उभा चिरतील."

खरंच चिरलं असतं. पण बदलायची वेळ निघून गेली होती. परीक्षक म्हणजे धुळ्याचे, देवपूरला राहणारे एक निवृत्त न्यायाधीश. ते ठरल्या दिवशी हजर झाले. आबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी बागेतच भरीत-भाकरीचा बेत ठेवला. विहीर खासगी आहे, कलम लागू होत नाही, एवढं बोलून सुटायचं लीलाधरनं ठरवलं होतं.

जेवणं उरकून सगळे विहिरीवर आले. लीलाधर तोंड उघडणार तोच आबांनी छाती पुढे काढली.

"रावसाहेब, ही साधीसुधी विहीर नही. माह्या बापानं हिचा उत्सर्ग करेल हाये. सगळ्या जीवाईले पानी सोडेल हाये!"

पाहुण्यापुढे बढाई मारायची आम्हाला भारी हौस. त्या हौसेपायी आबांनी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली. लीलाधर पांढराफटक पडला.

"मग कलम लागू होतं की नाही?" न्यायाधीशांनी त्याला विचारलं.

लांबवर महारवाड्यातली धुरपदाबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. पाहुण्यांच्या गडबडीत सकाळपासून तिला कुणी पाणी ओतलं नव्हतं. लीलाधरनं तिच्याकडे पाहिलं. हा आता पळतो, असंच मला वाटलं.

"होतं," तो म्हणाला. आवाज पार फाटलेला. "ही विहीर लोकांना अर्पण केलेली आहे. धुरपदाबाईंना कुणी अडवू शकत नाही. आबासुद्धा."

न्यायाधीश "उत्तम!" म्हणाले आणि त्यांनी धुरपदाबाईला हातानं पुढे बोलावलं. ती जागची हलली नाही.

"नको भाऊ," ती लीलाधरला म्हणाली. "साहेब सांजच्याले धुय्याले जातीन. तुम्ही पुन्याले जाल. आमाले इथीच ऱ्हायचं हाये."

बाई खरं बोलत होती, आणि पाहुणे गेल्यावर तिचं काय होऊ शकतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

लीलाधर खाली मान घालून म्हणाला, "मी नही जात कुठी."

"मंग माह्या घरात पाय ठिवू नको," आबा म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

शिष्यवृत्तीत त्याचा पहिला नंबर आला. ती घ्यायला हा पुण्याला गेलाच नाही; पदवीही पुढे रखडत मिळाली. तो माझ्या पडवीत राहू लागला आणि रोज सकाळी विहिरीवर जाऊन उभा राहू लागला. बरेच दिवस कुणी आलं नाही. मग एकदा धुरपदाबाई एकटीच आली. तिच्या मागोमाग आबांची भावकी काठ्या घेऊन आली, आणि सगळ्यांच्या पुढे खुद्द आबा. लीलाधर मध्ये जाऊन उभा राहिला. धुरपदाबाईनं विहिरीत दोर सोडला.

भीतीनं त्याचं धोतर ओलं झालेलं सगळ्यांनी पाहिलं. माणसं खदाखदा हसली. तिची घागर भरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.